चाळीस मीटर वायर

माधवराव सर सकाळी नऊला गेले आणि दहाच्या आत घरात वाद सुरू झाला. रडायचं राहिलं बाजूला. वाद कशावरून, तर सरांना न्यायचं कधी.

सरांची लेक देविका म्हणत होती, आजच. हे काही तिच्या मनचं नव्हतं, सरांनीच सांगून ठेवलं होतं. महिन्यापूर्वी लातूरच्या दवाखान्यातून शिरूर अनंतपाळला घरी परतताना गाडीत त्यांनी लेकीचा हात धरला होता. "हे बघ, मी गेलो की त्याच दिवशी उरका. कुणाची वाट बघत मला ठेवू नका. श्रीनाथ पोचला तर ठीक, न्हाई पोचला तर अग्नी तू दे. आतापर्यंतचं सगळं तूच केलंस की." देविका हो म्हणाली होती. साक्षीला होता फक्त गाडीचा ड्रायव्हर, आणि तो काही मयताला आला नव्हता.

"म्हणला आसंल बी," तारामती आत्या म्हणाल्या. त्या सरांच्या थोरल्या बहीण, घरात शेवटचा शब्द त्यांचा. "दुखण्यातलं माणूस काय बी बोलतंय. पोटचा लेक धडधाकट असताना लेकीनं अग्नी दिला तर लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

सरांचे धाकटे भाऊ वैजनाथकाका, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी लगेच डब्लिनला फोन लावला. देविकाचा धाकटा भाऊ श्रीनाथ तिकडं नोकरीला. तीन वर्षांत घरी आला नव्हता, पण दर रविवारी न चुकता फोन करायचा आणि अण्णा पाणी किती पितात ते विचारायचा. तो फोनवर ढसाढसा रडला, मग देविकाला म्हणाला, "मी निघतोच. उद्या तीनपर्यंत पोचतो. मला अण्णांचा चेहरा बघायचाय, ताई. एवढं कर माझ्यासाठी."

देविका "बरं, ये," म्हणाली. तिथंच चुकलं तिचं. पण बाप जाऊन एक तास झालेल्या बाईनं आणखी किती भांडायचं होतं, ते ज्याचं त्यानं सांगावं.

दुपारी बाराला लातूरहून संगमेश नावाचा माणूस टेम्पोतून शवपेटी घेऊन आला. काचेच्या झाकणाची, खाली फ्रीजरचं मशीन असलेली. मे महिना, ऊन असं की अंगणातली फरशी पायाला चटके देत होती. पेटी आतल्या दारातून जाईना, म्हणून ओसरीवर ठेवली. सरांना आत निजवलं, झाकण लावलं, आणि संगमेशनं हातात प्लग धरून विचारलं, "ताई, जाड पिनीचा पॉइंट कुठाय? हिला साधा चालत न्हाई. आन हिच्यासंगं दुसरं काही लावायचं न्हाई बरं का. तासभर जरी बंद पडली तर ह्या उन्हात अवघड हाय."

जाड पिनीचा पॉइंट घरात एकच, तोही मागं स्वयंपाकघरात. देविका वर गेली आणि अण्णांचा ड्रम घेऊन आली.

हा ड्रम सांगायलाच हवा. सर आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमनकी शिकवायचे. तालुक्यात खांबावर चढणारा दर दुसरा माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांनी स्वतः बनवलेला हा लोखंडी ड्रम, त्यावर गुंडाळलेली चाळीस मीटर जाड वायर, मधोमध चार सॉकेट, आणि एक लाल बटण. वायर प्रमाणाबाहेर तापली की ते बटण टक्कन बाहेर यायचं आणि सगळं बंद पडायचं. वायर निवल्यावर बोटानं दाबलं की परत चालू. ड्रमच्या अंगावर सरांनी तांबड्या रंगानं, फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पूर्ण उलगडा, मग वापरा.

देविका आठ वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, लागते दहा मीटर, तर चाळीस कशाला उलगडायची? सर म्हणाले होते, "करंट गेला की वायर तापते. पसरलेली असली की उष्णता निघून जाते. गुंडाळलेली असली तर जाईल कुठं? भर उन्हाळ्यात सात गोधड्या पांघरून निजल्यावर तुझं काय होईल, तसं तिचं होतं." त्या दिवसापासून या घरात दहा मीटर लागो की पाच, वायर सगळी उलगडली जायची. पुढं देविका जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली. लग्न केलं नाही, आईच्या मागं बापापाशीच राहिली, आणि हाच धडा पोरांना गोधड्यांसकट सांगायची.

तिनं चाळीसच्या चाळीस मीटर वायर उलगडली. स्वयंपाकघरातून मागच्या दारानं काढली, भिंतीकडेनं आणली, राहिलेली अंगणात लिंबाच्या सावलीत सैल वेटोळी करून पसरली. सतरंजीखालून नेली नाही, पाण्याच्या रांजणापासून लांब ठेवली. पेटीचा प्लग लावला. उरलेल्या तीन सॉकेटवर चिकटपट्टी लावून वर कागद डकवला: यात काहीही लावू नये. पेटी घुर्रर करून सुरू झाली. त्या आवाजानं देविकाला जरा धीर आला, हे सांगायलाही तिला लाज वाटली असती.

संध्याकाळी विमानात बसायच्या आधी श्रीनाथचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी पेटीसमोर स्टँडवर मोबाइल उभा केला होता. पुण्याचे, हैदराबादचे, कुठले कुठले नातेवाईक त्यात बसून दर्शन घेत होते. श्रीनाथ म्हणाला, "काका, चेहरा काळा दिसतोय. एक हॅलोजन लावा ना वरून."

काकांनी शेजारच्या मंडपवाल्याकडून हॅलोजन आणला. देविकानं मनातल्या मनात बेरीज केली. पेटी सहाशे वॅट, हॅलोजन पाचशे. उलगडलेल्या वायरीला एवढं झेपत होतं. तिनं एका सॉकेटवरची पट्टी काढून दिली, पण दिवा काचेवर नको, लांब भिंतीवर लावा म्हणून सांगितलं. कूलर मात्र लावू दिले नाहीत. "बापापेक्षा वायरच जास्त प्यारी हाय हिला," आत्या बायकांत म्हणाल्या, देविकाला ऐकू जाईल अशा बेतानं.

रात्रभर ती पेटीपाशी बसून राहिली. सकाळी सहाला डोळे उघडे राहीनात, तेव्हा काका म्हणाले, "जा, जरा पड वर. आम्ही आहोत की इथं."

"काका, वायरीला हात लावू नका. काही लागलं तर मला उठवा."

"जा गं बाई! आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

ती वर गेली आणि पडल्या पडल्या झोपली.

साडेसहाला कंधारहून सरांच्या सासुरवाडीची माणसं आली, टेम्पो भरून तीस-पस्तीस जण. अंगणात सगळीकडं वायर पसरलेली. एका म्हातारीचा पाय अडकला, पडता पडता वाचली. "हा काय पसारा मयताच्या दारात!" आत्या करवादल्या. "वैजनाथ, गोळा कर ते."

वैजनाथकाका टापटिपीचे. शाळेत असताना पोरांच्या चपला रांगेत नसल्या तर प्रार्थना सुरू होऊ द्यायचे नाहीत. त्यांनी ड्रमचा दांडा फिरवून फिरवून वायर कशी छान गुंडाळली. भिंतीकडेनं जाते तेवढी बाहेर ठेवली, बाकी तीस मीटर ड्रमवर, एकावर एक, अगदी दाबून. तांबडी अक्षरं वायरीखाली झाकली गेली. मग माणसं घामानं भिजलेली बघून एका सॉकेटवरची पट्टी काढली, त्यात दोन पिनी जातील असा जोड लावला आणि शेजारचे दोन कूलर आणून जोडले. थंडगार वारा सुटला. पाहुणे म्हणाले, व्यवस्था चांगली हाय.

आणि मग निघाला चहाचा विषय.

मयत घरात असताना चूल पेटवायची नाही, हे काही कुणाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी शेजारच्या उमाबाईंनी दोनदा चहा करून आणला होता. आता तीस माणसांचा चहा परत त्यांच्याच घरून मागवायचा म्हणजे जिवावर आलेलं. कुणीतरी म्हणालं, घरात ते विजेवरची शेगडी हाय की. सगळ्यांनी आत्यांकडं पाहिलं. आत्यांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. "त्यात जाळ कुठाय? जाळ न्हाई म्हणल्यावर चूल पेटवली असं होत न्हाई. करा."

स्वयंपाकघरातला जाड पिनीचा पॉइंट तर ड्रमनंच अडवलेला. तो काढला तर पेटी बंद पडेल, एवढं काकांना कळत होतं. म्हणून त्यांनी शेगडीच उचलून ओसरीवर आणली आणि ड्रमच्या शेवटच्या सॉकेटला लावली. दोन हजार वॅटची शेगडी. वर हॅलोजन, पेटी, दोन कूलर. रामा शिवा गोविंदा! सर जिवंत असते तर असल्या पोराला वर्गाबाहेर उभं केलं असतं, पण सर काचेखाली होते.

तीन पातेली चहा झाला. तिसरं उकळून खाली उतरवलं आणि ड्रमवरचं लाल बटण टक्कन बाहेर आलं. सरांनी जसं बनवलं होतं तसंच ते वागलं. वायर वितळायच्या आत, घर पेटायच्या आत, सगळं बंद करून टाकलं. कूलर थांबले, हॅलोजन विझला, पेटीचा आवाज बंद झाला.

"लाईट गेली," काका म्हणाले.

"नशीब, चहा झाल्यावर गेली," आत्या म्हणाल्या.

उठून बघायचं कुणालाच सुचलं नाही, आणि का सुचावं? मे महिन्यात सकाळी चार-चार तास लाईट जाणं इथं रोजचंच. आत बायकांच्या डोक्यावर पंखा फिरत होता, तर तो इन्व्हर्टरवर फिरतोय असं सगळे समजले. लाईट गेली की येईपर्यंत बसून राहायचं, ही या गावाची जन्माची सवय. माणसं बसून राहिली. उपरण्यानं वारा घेत, सरांच्या शिस्तीच्या गोष्टी सांगत. दर्शनाचा मोबाइल तेवढा बंद पडू नये म्हणून काकांनी आठवणीनं पॉवर बँकेला जोडला. तो एकच काय तो अखंड चालू राहिला.

साडेनऊला श्रीनाथ हैदराबादला उतरून गाडीत बसला आणि परत मोबाइलवर आला. "काका, काच धुरकट दिसतेय. जरा पुसा ना."

काकांनी उपरण्याच्या टोकानं काच पुसली. काच बाहेरून कोरडीच होती, पाणी आतल्या बाजूनं धरलं होतं. "आता?" काकांनी विचारलं. "तशीच आहे," श्रीनाथ म्हणाला. काकांनी परत पुसली. मग वर हारच इतके आले की काच दिसायची बंद झाली.

साडेअकराला देविकाला जाग आली ती कसल्या आवाजानं नाही, आवाज नसल्यामुळं. खोलीतला पंखा फिरत होता, खाली बोलणी चालली होती, पण रात्रभर कानात बसलेली ती घुर्रर नव्हती. ती अनवाणीच जिना उतरली.

"लाईट गेलीय का?"

"हाव, कवाच," आत्या म्हणाल्या. "साडेसातपासून न्हाई. तुला उठवू नको म्हणलं, दमून झोपलं व्हतं लेकरू."

देविकानं भिंतीवरच्या मीटरकडं पाहिलं. तांबडा दिवा लुकलुकत होता, म्हणजे लाईट होती. मग तिनं ड्रमकडं पाहिलं. गुंडाळलेली वायर, चारही सॉकेट भरलेले, शेगडीवर उतू गेलेल्या चहाचा डाग. आणि एक बोटभर पुढं आलेलं लाल बटण.

तिनं चारही प्लग ओढून काढले, पेटीचा तेवढा परत लावला आणि बोटानं बटण दाबलं. घुर्रर करून पेटी सुरू झाली. एवढंच काम होतं. चार तास पन्नास माणसं त्याच्याभोवती बसली होती आणि बटण दाबायला एक बोट लागत होतं.

तिनं हार बाजूला केले. झाकण जरासं उचललं आणि वास आला. पहिल्या रांगेतली माणसं मागं सरली. दुसऱ्या रांगेतल्यांना काय झालं ते कळलं आणि तीही सरली. एका मिनिटात ओसरीवर देविका, पेटी आणि मोबाइलचा स्टँड एवढंच राहिलं. अण्णांचा चेहरा तिनं पाहिला. तो कसा झाला होता ते तिनं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही.

मोबाइलमधून श्रीनाथ ओरडत होता, "काय झालं? ताई, काय झालं?"

देविकानं तो मोबाइल उचलून पालथा ठेवला.

आता थांबता येणार नव्हतं. संगमेशला फोन करून विचारलं, तो म्हणाला, "ताई, एकदा सुरू झालं की मशीन काही करत न्हाई. घेऊन जा लवकर." श्रीनाथची गाडी तेव्हा जहिराबादपाशी होती, अजून तीन तासांवर. काकांनी त्याला सांगितलं. तो आधी रडला, मग चिडला, मग म्हणाला, काय ते करा.

अग्नी कोण देणार, हा प्रश्न आला. काल याच प्रश्नावर तासभर वाद घालणाऱ्या आत्या पदर नाकाला लावून लिंबाखाली उभ्या होत्या. "वैजनाथ देईल," त्या म्हणाल्या. काकांनी तोंडावरचा रुमाल काढला नाही. "माझं ब्लडप्रेशर..." ते म्हणाले. "देविका, तूच दे बाई. दादाची इच्छा बी होती ना तशी?"

अशी तिला परवानगी मिळाली. बापानं आपल्या तोंडानं दिली होती तेव्हा ती चालली नाही, बापाला वास सुटल्यावर चालली.

भर दुपारी, एकच्या उन्हात, मोजकी माणसं लांब उभी राहिली आणि देविकानं अग्नी दिला. तिला रडू आलं नाही. तिला राग आला होता, आणि तो सगळ्यांत जास्त स्वतःचा होता. मी झोपले का? कालच गाडीवर घालून त्यांना का नेलं नाही? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं तर घातलं असतं. धुवून टाकलं असतं.

सव्वातीनला ती अंघोळ करून ओल्या केसांनी ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती, तेव्हा श्रीनाथची गाडी दारात लागली. पेटी संगमेश घेऊन गेला होता, तिथं फक्त ओली फरशी उरली होती. श्रीनाथ त्या फरशीपाशी बसला आणि खरंच रडला. ते खोटं नव्हतं, देविकालाही ते कळलं. आत्यांनी त्याला पोटाशी धरलं. "बाळा, तुझ्या नशिबात न्हवतं रे."

रडून झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "पण पेटी बंद पडलीच कशी? कनेक्शन कुणी दिलं होतं?"

कंधारची माणसं आपापल्या चपला शोधायला लागली. शेवटी काकांनी घसा साफ केला.

"देविकानं. सगळं तिनंच लावलं होतं. आम्हाला तर हात लावू देत नव्हती. तो जुना ड्रम, दादानं केलेला. दगा दिला त्यानं."

देविकानं मान वर केली. "काका, वायर गुंडाळली कुणी?"

"अगं, म्हातारी माणसं पडत होती त्यात अडकून! गुंडाळल्यानं काय वायर बिघडते होय? काय पण बोलून राहिलीस."

"शेगडी कुणी लावली?"

"बघ, बघ," आत्या श्रीनाथला म्हणाल्या. "घोटभर चहाचं काढून राहिली. आज. ह्या दिवशी."

श्रीनाथनं बहिणीकडं पाहिलं. रागावून नाही, थकून पाहिलं, आणि तेच जास्त लागलं. "राहू दे ताई. मला भांडायचं नाहीये. पण अण्णा आयुष्यभर लोकांना हेच शिकवत होते ना? आणि त्यांच्याच घरात असं व्हावं. एवढी एकच गोष्ट मागितली होती मी तुला."

देविकाला सांगायचं होतं. गोधड्यांचं सांगायचं होतं, लाल बटणाचं, हॅलोजनचं, धुरकट काचेचं. तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की यातलं एक वाक्यही इथं कुणी पूर्ण ऐकून घेणार नाही. गावात उद्यापर्यंत हेच पसरणार होतं, की सरांच्या लेकीनं सरांचीच वायर चुकीची लावली.

श्रीनाथनं खिशातून मोबाइल काढला. "दोनच टक्के राहिलीय. चार्जिंगला कुठं लावू?"

"तिथं लाव की," काकांनी ड्रमकडं बोट दाखवलं. "चालूच हाय तो. एकदम चांगला चालतो."

मघाशी दगा दिलेला ड्रम आता चांगला झाला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. खुद्द काकांच्याही नाही. श्रीनाथनं चार्जर लावला, मोबाइल ड्रमवरच्या गुंडाळलेल्या वायरीवर ठेवला, आणि तो चार्ज होऊ लागला.

देविकानं ते पाहिलं आणि काल सकाळपासून न आलेलं रडणं तिला एकदम आलं. तोंडात पदराचा बोळा कोंबला तरी ते आवरेना. श्रीनाथ उठून तिच्याकडं जायला लागला, तर आत्यांनी त्याचा हात धरून खाली बसवलं.

"रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "चूक उमजली की असंच होतंय माणसाचं."